गनरसाहेबांचा पोवाडा

आमच्या घरात एक फ्रेंच सम्राट राहायचा. त्याचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण आमच्याकडे ते कुणी घेत नसे. आण्णा त्याला ‘गनरसाहेब’ म्हणायचे आणि आई ‘तुमचा तो टोपीवाला’. आण्णा म्हणजे माझे वडील. ते फौजेत, तोफखान्यात हवालदार होते आणि हा माणूसही मुळात तोफखान्यातलाच, म्हणून तो त्यांना आपल्याच पलटणीतला वाटायचा. देवळालीला असताना रद्दीच्या दुकानातून त्यांनी त्याचं एक मराठी चरित्र उचललं होतं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं गायब. त्यामुळे साहेबांचं लहानपण आण्णांनी आपल्या मनानेच रचून टाकलं होतं. त्यात साहेबांची आई पहाटे उठून जात्यावर दळायची, बाप तालमीत जायचा आणि साहेब स्वतः तीन कोस चालत शाळेला जायचे. पुढे कॉलेजात गेल्यावर मला कळलं की यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. पण तोवर उशीर झाला होता. आजही मला तो सम्राट कऱ्हाडजवळच्या आमच्या गावच्या ओढ्यात पाय धुताना दिसतो, त्याला मी काय करू!

आम्ही तेव्हा बहरीनमध्ये, मुहर्रकला राहायचो, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. खाली मालक, त्यांच्या अंगणात एक खजुराचं झाड आणि गल्लीच्या तोंडाशी खुबूसची, म्हणजे अरबी रोटीची, भट्टी. विमानतळ इतका जवळ की विमान उतरायला लागलं की मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि आई बोलता बोलता थांबायची, विमान गेलं की पुढचं वाक्य तिथूनच उचलायची. फोनवर बोलणाऱ्या गावाकडच्या लोकांना वाटायचं लाइन कट झाली. मशिदीतली बांग, भट्टीवाल्याची आरडाओरड, मालकांच्या नातवंडांचा धुडगूस आणि त्या सगळ्यावर आमच्या घरातलं बोलणं. आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो, कारण आण्णांना एका कानाने कमी ऐकू यायचं. ‘तोफेनं खाल्ला’ एवढंच ते त्याबद्दल म्हणायचे, तेही हसत हसत. शेजारच्या केरळी बाईंना बिचाऱ्यांना वाटलं, ह्यांच्यात रोज भांडणं होतात. एकदा केळ्याचे वेफर्स घेऊन समजूत घालायला आल्या. “भाभी, सब ठीक है ना?” आई म्हणाली, “क्या हुआ? हम तो चाय पूछ रहे थे.” माझी लेक आता इथल्याच जुफैर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कानावर हात ठेवते आणि म्हणते, “Mamma, why are you shouting?” मी ओरडत नसते हो. मी बोलत असते.

आण्णा विमानतळावर फायर सर्व्हिसमध्ये होते. फौजेतून सुटून साधे फायरमन म्हणून आले आणि चढत चढत शिफ्ट लीडर झाले. धावपट्टीवर काही झालं की जी मोठी पिवळी गाडी सुटते, तिच्यात ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा मान त्यांचा. गाडी चालवायचे पीटर अंकल, वसईचे, उंचेपुरे, गळ्यात क्रूस आणि तोंडात सतत बडीशेप. दोघांची जोडी एवढी जमली होती की शिफ्ट बदलली तरी दोघांची एकत्रच बदलायची. शिफ्ट सुटली की पीटर अंकल आमच्याकडे यायचे, त्यांच्या बायकोने दिलेली सुक्या बोंबलाची चटणी घेऊन. आई बाजरीच्या भाकऱ्या थापायची. मनामाच्या एका गुजराती दुकानात बाजरीचं पीठ मिळायचं, ते कडू निघालं की आई दुकानदाराचा उद्धार करायची, पण पुढच्या महिन्यात पुन्हा तिथूनच आणायची. तळलेला हमूर मासा, ठेचा, कांदा आणि ती चटणी. असं ताट पुढे आलं की आण्णांची लढाई सुरू व्हायची.

म्हणजे खरोखरच लढाई. भाकरीचे तुकडे म्हणजे पायदळ, कांद्याच्या फोडी म्हणजे घोडदळ, मीठ म्हणजे तोफखाना. ठेचा नेहमी शत्रू. “आता बघ मने,” आण्णा मला म्हणायचे, “साहेबांनी काय केलं, तोफा इकडं उंचावर घेतल्या. का? सांग का?” मी काही सांगायच्या आत तेच सांगायचे. शेवटची लढाई मात्र ते फार क्वचित मांडायचे. आदल्या रात्री पाऊस पडला, जमिनीचा चिखल झाला. कडक जमिनीवर गोळा टप्पे घेत घेत जातो आणि रांगाच्या रांगा झोपवतो, चिखलात तो रुतून बसतो, म्हणून साहेब जमीन वाळायची वाट बघत बसले आणि तेवढ्यात शत्रूला कुमक आली. हे सांगताना आण्णांचा आवाज उतरायचा. “पर खरी चूक ती न्हवं,” ते म्हणायचे. “खरी चूक आधीची. बर्फातनं फौज गमावून आल्यावर समोरच्यांनी सांगितलं हुतं, तुझा मुलूख ठेव, गादी ठेव, बाकीचं सोड. तिथं थांबायला पायजे हुतं. न्हाई थांबला.” आई भाकरी उलटत म्हणायची, “तुमी थांबला असता?” त्यावर आण्णा कांद्याचं घोडदळ तोंडात टाकायचे आणि विषय बदलायचे. पीटर अंकल खाली मान घालून हसायचे. तेव्हा मला ते नुसतं हसणं वाटायचं.

मी बारावीच्या वर्षाला लागले तेव्हाची ही गोष्ट. मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. आमच्या मंडळात दरवर्षी तेच ते असायचं: लहान मुलांचा कोळी डान्स, बायकांची मंगळागौर, एक एकांकिका, ज्यात पाठांतर फक्त प्रॉम्प्टरचं झालेलं असायचं, आणि शेवटी बटाटेवडे. अध्यक्ष होते बापट काका, पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मनाने चांगले पण प्रत्येक गोष्टीला ‘तत्त्वाचा प्रश्न’ करणारे. आण्णांनी त्यांना सांगितलं की आम्ही पोवाडा करतो. काका खूश झाले. मग आण्णांनी कुणावर करतो ते सांगितलं. काकांचा चहाचा कप हातातच राहिला. “अहो हवालदार, पोवाडा कुणावर करायचा याला काही परंपरा आहे की नाही?” आण्णा म्हणाले, “परंपरा वीराची हाय. ह्यो वीर हाय.” “पण तो फ्रेंच!” “तर काय झालं? आपण तरी कुठं बसलोय? बाहेरीनमधी!” बापट काकांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली, दोन तास चर्चा झाली आणि अखेर असं ठरलं की आधी मुजरा महाराजांना, मग पाहिजे त्याचा पोवाडा. आण्णा म्हणाले, ते तर मी तसंही करणारच होतो.

शाहीर मी. आवाज घरचाच होता, त्याला वेगळी तालीम लागली नाही. डफ आण्णांचा, पलटणीत असल्यापासूनचा. झांज आणि ‘जी जी रं जी’ला पीटर अंकल. चर्चमधला मास आटोपून ते तसेच इस्त्रीच्या शर्टात तालमीला यायचे. कवनं आण्णा रचायचे, शिफ्टवर बसून, आणि घरी येऊन बूट काढायच्या आधी म्हणून दाखवायचे:

बेटावरचं पोर, अंगानं बारीक, तोफेशी सोयरीक,
नेम धरी अचूक, गोळा पडे ठीक, जी जी रं जी!

मुकुटाचा चौक, म्हणजे पोवाड्यातलं ते कडवं, आला तेव्हा पीटर अंकल जरा अडले. साहेबांनी राज्याभिषेकाच्या वेळी मुकुट स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला, समोर खुद्द पोप बसलेले असताना. “हवालदार, हे मी झांज वाजवून म्हणायचं?” अंकल म्हणाले. “आमच्या फादरना कळलं तर?” “फादर येणार हायत का मंडळात?” “नाही.” “मग वाजवा!” आणि अंकल दर वेळी आधी क्रुसाला हात लावून मगच त्या चौकाला झांज उचलायचे. आई हसून हसून बेजार व्हायची. किती मजेचे दिवस होते ते! तालमीला आम्ही जमिनीवर बसायचो, आण्णा बरोबर माझ्यासमोर. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले असायचे. मला वाटायचं, लेकीचं कौतुक.

भांडण झालं ते शेवटावरून. आण्णांचं म्हणणं, पोवाडा राज्याभिषेकावर संपवायचा. लोक सणाला येतात, त्यांना रडवायचं नाही. पोवाड्याची चालही चढती असते, डफ चढत जातो, माणूस चढत जातो, शेवटी जयजयकार होतो, त्यात पडणं कुठे बसवणार? मी म्हटलं, अर्धीच गोष्ट सांगायची तर कशाला सांगायची! तो पडला म्हणून तर त्याची गोष्ट झाली. बारावीतली मुलगी, अक्कल नुकतीच फुटलेली, मी काही ऐकते! दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, म्हणजे आमच्या घरात दोन दिवस शांतता होती, तर शेजारच्या केरळी बाई पुन्हा चौकशीला आल्या. शेवटी आई म्हणाली, “पोरीचं बरोबर हाय. आन् तुमी रोज जेवताना आमाला हरलेलीच लढाई ऐकवता की!” मग आण्णा राजी झाले. पडझडीचे चौक त्यांनीच रचले आणि फार सुंदर रचले. काश्मीरच्या बर्फात त्यांनी दोन हिवाळे काढलेले होते, शिपायाचे पाय कसे जातात ते त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही. शेवटच्या चार ओळी मी रचल्या. आणि मी ठरवलं की त्या चार ओळींच्या आधी सगळं थांबेल. गाणं, झांज, डफ, सगळं. लोकांना काही क्षण काहीच ऐकू येणार नाही, आणि मग मी साथीशिवाय म्हणेन. तालमीत ते अगदी बिनचूक व्हायचं. माझं तोंड मिटलं की आण्णांचा हात डफावर थांबायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजची मांडणी बापट काकांनी केली. शाहीर पुढे, माईकसमोर, आणि साथीदार मागे पडद्यापाशी, ‘म्हणजे चित्र छान दिसतं’. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आण्णांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पाठीकडे, आणि फेटा सारखा केला. स्पीकर लोकांच्या बाजूला तोंड करून होते. हॉल भरला होता, पहिल्या रांगेत मुलं जमिनीवर बसली होती, आई दुसऱ्या रांगेत नव्या साडीत. मुजरा झाला, टाळ्या पडल्या, आणि मग साहेब आले. काय रंगला पोवाडा! पुण्यामुंबईचे इंजिनियर आणि अकाउंटंट लोक माना डोलवत होते. मुकुटाच्या चौकाला शिट्टी आली. बर्फाच्या चौकाला एक बाई डोळे टिपत होती. मी सूर उतरवत उतरवत शेवटाला आले, शेवटचा शब्द सोडला आणि तोंड मिटलं. झांज थांबली. आणि डफ वाजतच राहिला.

आधी मला वाटलं, एखादी थाप जास्त पडली असेल. पण तो थांबेना. त्याच चालीत, त्याच जोरात, मागून डफ येतच होता. मी समोर पाहत उभी होते आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं. समोरच्या लोकांना काही गैर वाटत नव्हतं, उलट ते पुढे झुकून ऐकत होते. मग मला आई दिसली. तिने पदराने तोंड झाकून घेतलं होतं. मी वळले. आण्णा डोळे मिटून वाजवत होते, चेहरा इतका आनंदात की मी तसा त्यांना कधी पाहिला नव्हता. त्यांच्या दृष्टीने मी अजून गातच होते. पीटर अंकलनी झांज खाली ठेवली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आण्णांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात थांबला. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी कुणाला सांगत नाही. मी लोकांकडे वळले आणि माझ्या चार ओळी म्हटल्या, कशा म्हटल्या ते माझं मलाच माहीत:

खडकावर उभा एकला, दर्या भोवती, कुणी ना सोबती,
वेळेला जवळ ना नाती, ना गोती,
ज्याच्या हाकेसरशी फौजा हालती,
ती हाक आता वाऱ्यावरती.

पोवाडा संपला की घोषणा द्यायची आपल्या लोकांना सवय. मागच्या रांगेतले एक काका उठले, हात उंचावला आणि तसेच अडकले, कारण आता कुणाचा जयजयकार करायचा ते त्यांना कळेना. हॉलभर हशा पिकला आणि मग टाळ्या, उभं राहून. बापट काका धावत स्टेजवर आले. “हवालदार, काय कल्पना! सम्राट पडला, तरी फौज आपली चालतेच आहे, डफ थांबतच नाही! वा! मला अंगावर काटा आला!” आण्णांनी ओठांकडे पाहून त्यांचं बोलणं घेतलं आणि म्हणाले, “तुमचा आशीर्वाद.” बटाटेवडे खाताना जो तो येऊन त्यांचा हात हातात घेत होता. ते सगळ्यांना हसून ‘आशीर्वाद, आशीर्वाद’ म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. आई थालीपीठं लावत होती. पीटर अंकल आले, पण चटणी आणली नव्हती आणि बसलेही नाहीत. “वहिनी, मला तुमच्यासमोरच बोलायचंय,” ते म्हणाले. मग आण्णांसमोर जाऊन उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “हवालदार, मी किती दिवस तुमचा कान होऊ? रेडिओवर ऑर्डर आली की मी खांद्याला हात लावतो. सायरन झाला की मी हात लावतो. परवाच्या ड्रिलला मी मागे होतो, तुम्ही फोमच्या पाइपासमोर उभे, पोरं ओरडतायत ‘हटा, हटा’, आणि तुम्ही तिथेच. प्रेशर सुटलं असतं तर? आणि उद्या खरं विमान पेटलं आणि आत गेलेला पोरगा तुम्हाला हाक मारतोय, तर?” आण्णा म्हणाले, “मेडिकल दरवर्षी पास हुतोय मी.” “कसे होता?” आईने विचारलं. तवा तसाच ठेवून ती दारात येऊन उभी होती. मग आण्णांनी सांगितलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरचा माणूस काचेतून दिसतो. त्याने आवाज सोडला की त्याचा खांदा हलतो. “मी खांदा बघून दाबतो,” आण्णा म्हणाले, आणि सांगताना किंचित हसलेही. ते हसू फार वेळ टिकलं नाही.

मेडिकल पुढच्याच आठवड्यात होतं. मी तेव्हा बोलले. मला बोलायला नको होतं असं आजही वाटत नाही. म्हटलं, “आण्णा, तुमीच म्हणता ना, तिथं थांबायला पायजे हुतं.” ते उठून उभे राहिले. “मी थांबलो तर काय हुईल ठावं हाय का तुला? नोकरी खलास, व्हिसा खलास! तुजी बारावी हाय! कुठं जाणार, काय खाणार? त्या साहेबाला कुणाची फी भरायची न्हवती!” मला त्यांचा इतका राग आला आणि त्यांच्यावर इतकी माया दाटून आली की दोन्हींनी मिळून मला रडू आलं. आई मात्र रडली नाही. ती पीटर अंकलकडे बघत होती. “पीटरभावजी,” ती म्हणाली, “गाडीत ह्यांच्या बाजूला तुमी बसता. तुमची लेकरं लहान हायत.” एवढंच बोलली आणि थालीपीठ जळायला लागलं म्हणून आत गेली. अंकलनी आण्णांचा हात धरला, मग सोडला. निघून गेले.

मेडिकलच्या दिवशी आण्णांनी मला बरोबर नेलं, कारण तिथून पुढे माझं रेसिडेंट कार्ड रिन्यू करायचं होतं. मुहर्रकच्या जुन्या बोळांतून आम्ही चालत गेलो. खांदा बघणार की नाही ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसले. आत काय होणार ते मला दिसत नव्हतं आणि मी देवाला नक्की काय मागावं तेही ठरत नव्हतं. पास होऊ दे म्हणावं तर पीटर अंकल डोळ्यांसमोर, नापास होऊ दे म्हणावं तर आम्ही तिघं. मी दोन्हींपैकी काहीच मागितलं नाही, नुसतंच देवाचं नाव घेत बसले. फार वेळाने आण्णा बाहेर आले, टोपी हातात. माझ्या शेजारी बसले. “डोळं मिटून बसलो हुतो,” म्हणाले. मी विचारलं, “मग?” “मग काय! मफी. कायच न्हाई. बटण दाबायची येळ आलीच न्हाई जणू.” असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी लहान असताना ठेवायचे तसा. “यल्ला, चल. तुझं कार्ड राहिलंय.”

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते काही वाईट नाही आणि फार चांगलंही नाही. त्यांना गाडीवरून उतरवलं. शिफ्ट लीडरचा बिल्ला परत घेतला आणि माझं वर्ष पूर्ण होईपर्यंत स्टोअरमध्ये ठेवलं, तेवढी माणुसकी त्यांच्या साहेबाने दाखवली. मग आम्ही कऱ्हाडला परत गेलो. आण्णांनी दोन्ही कानांना मशीन लावलं आणि गावातल्या पोरांना भाकरीच्या तुकड्यांऐवजी शेंगांच्या टरफलांनी लढाया शिकवल्या. मी पुष्कळ वर्षांनी लग्न होऊन इथे परत आले. पीटर अंकल अजून मधूनमधून वसईहून फोन करतात आणि त्या मुकुटाच्या चौकावरून अजून कबुलीजबाब द्यावा लागतो म्हणून कुरकुरतात. पण मला जो दिवस लिहायचा होता तो त्या मेडिकलचाच, आणि तोही दुपारपर्यंतचा.

कार्डाचं काम आटोपून आम्ही घरी आलो. आई स्वयंपाकघरात होती, पाठमोरी, गॅसवर काहीतरी ढवळत. आम्ही आल्याचं तिला पावलांवरून कळलं असावं, पण ती वळली नाही. तिला विचारायचं धैर्य होत नव्हतं. ती तशीच, पाठमोरीच, अगदी हळू आवाजात काहीतरी बोलली. इतक्या वर्षांत आई आण्णांशी हळू बोललेली मी ऐकली नव्हती. आण्णा दारात उभे होते. एरवी अशा वेळी ते ‘हं, हं’ म्हणायचे आणि पुढे जायचे. साऱ्या जन्मात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, फौजेत नाही, विमानतळावर नाही, घरात नाही. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत. “शालन,” ते म्हणाले, “मला ऐकू आलं न्हाई. परत सांग.”

आईचा हात थांबला. तिने गॅस बंद केला, वळली, त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. त्यांच्या तोंडाकडे बघत, सावकाश, मोठ्याने म्हणाली, “हात धुवा. जेवायला बसा.” आणि मग तिला रडू कोसळलं.